मिरची शेतात आहे

चैत्र लागला हे मला कॅलेंडर सांगत नाही, नाक सांगतं. परळहून लालबागच्या दिशेनं चालायला लागलं, की पुलाच्या आसपास कुठंतरी पहिली शिंक येते. पाठोपाठ घसा खवखवतो, डोळे चुरचुरायला लागतात आणि समोरून येणारा अनोळखी माणूसही नेमका त्याच वेळी शिंकतो. दोघं एकमेकांकडे बघून ओशाळं हसतो. ओळख नसते, पण कारण दोघांनाही ठाऊक असतं. मसाल्याच्या गल्लीत कांडप सुरू झालेलं असतं.

या दिवसांत सगळी मुंबई पिशव्या घेऊन इथं येते. दादर-गिरगावच्या काकू येतात, सासूनं लिहून दिलेलं प्रमाण हातात घट्ट धरून सुना येतात. पोत्यांतून बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी अशा मिरच्या ओसंडत असतात. तेलाचा हात फिरवून भाजलेल्या धण्यांचा वास येतो, त्यामागून दगडफुलाचा, मग लवंगेचा. आणि या सगळ्याच्या वर ती कांडपाची धपधप, जी पायाखालच्या फरशीतूनही कळते. नव्या टॉवरमधल्या लोकांना या वासाचा फार त्रास होतो म्हणे. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तक्रारी होतात, असं एका ओळखीच्या बाईंनी मला सांगितलं. मी त्यांना म्हटलं, वास आधी आलाय, टॉवर नंतर. हे बोलून मला फार बरं वाटलं.

यंदा मी दोन विद्यार्थिनींना घेऊन गेले होते. फील्डवर्क कसं करायचं ते वर्गात शिकवून येत नाही, त्यासाठी माणसांत न्यावं लागतं. एका मसालेवाल्या बाईंशी बोलून झाल्यावर त्यांतली एक मोबाइल कानाला लावून रडवेली झाली.

"मॅडम, रेकॉर्डिंगमध्ये नुसतं धपधप येतंय. त्या काय बोलल्या काहीच कळत नाहीये."

"मग तू काय ऐकलंस?" मी विचारलं.

"मी रेकॉर्डिंग चालू आहे का तेच बघत होते."

मी हसले, कारण मला तो जुना मोसम आठवला. त्या मोसमात माझ्याकडे असलं काही यंत्र नव्हतं, आणि असतं तरी त्याला हात लावता आला नसता. त्याचं कारण पुढे येईलच.

माझं काम काय, हे लोकांना समजावून सांगणं तसं कठीणच. सरकार किंवा पालिका शहरातली गरिबी कमी करण्यासाठी योजना काढतात. काही वर्षांनी कुणीतरी विचारतं, की हिचा उपयोग झाला का? मग आधी मोजणारे येतात. किती गट, किती बायका, किती चालू, किती बंद. ते मोजून गेले की आम्ही जातो. आम्ही मोजत नाही, बसतो. माणसं बोलतात, आम्ही ऐकतो आणि जे ऐकलं त्यातून काय बदललं हे शोधतो. याला गुणात्मक संशोधन असं भारदस्त नाव आहे. माझी आई चाळीत सांगायची, "माझी पोरगी लोकांच्या घरी जाऊन चौकशा करते, आणि त्याचा तिला पगार मिळतो." शेजारणींना ते खरं वाटायचं नाही. चौकशा तर त्याही करायच्या, तेही फुकट.

आमच्या टीमच्या प्रमुख दादरला राहणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणायचे. आवाज हळू, साडी कडक, आणि समोरच्याला बोलतं करण्याची कला अशी की दगडानंही तोंड उघडावं. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "तू जे कॉलेजात शिकलीस ते सगळं ठेव बाजूला. आपलं हत्यार दोन शब्दांचं. 'बरं, मग?' माणूस पहिलं उत्तर देतो ते घाईचं असतं. 'बरं, मग?' विचारलं की दुसरं येतं. ते खरं."

तर त्या वर्षी आमच्याकडे अशाच एका योजनेच्या मूल्यमापनाचं काम आलं. बायकांच्या गटांना पालिकेच्या जुन्या कल्याण केंद्रांमधून खोल्या दिल्या होत्या, कामाला लागणारी यंत्रं दिली होती. लालबागमध्ये मसाला करणाऱ्या एका गटाला एक खोली आणि तिच्यावरची गच्ची मिळालेली. मोजणाऱ्यांच्या अहवालात त्या गटापुढे एकच शब्द होता : बंद. बंद गटाची खोली काढून घेऊन दुसऱ्या कामाला द्यायची, असं वरून ठरत आलेलं. मॅडमनी मला बोलावलं.

"तू परळची. खरं तर तुझ्याच भागात तुला पाठवू नये. पण हे एका खेपेचं काम आहे. जाऊन बघ, बंद असेल तर तसं लिहून मोकळं होऊ."

त्यांना वाटलं तेवढं ते सोपं नव्हतं, कारण 'बंद' हा शब्द आमच्या घरी वेगळाच होता.

माझे वडील गिरणीत होते. साचा खात्यात, म्हणजे मागावर. मी शाळेत असताना संप झाला आणि गिरणी बंद पडली. पण अण्णा कधी "पडली" म्हणाले नाहीत. कुणी विचारलं, काय करता, की ते सांगायचे, "गिरणी बंद आहे." आहे. म्हणजे आज बंद आहे, उद्या सुरू होईल. त्यांनी नंतर वॉचमनचं काम केलं, प्रेसमध्ये गठ्ठे बांधले, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावून दिले. पण यातलं कुठलंच काम ते 'करत' नव्हते. ते गिरणी कामगार होते आणि गिरणी बंद होती. चिमणी पाडली तेव्हाही बंद होती. तिथं काचेची बिल्डिंग उभी राहिली, तिच्यात कार्ड लटकवलेली पोरं कॉफीचे ग्लास घेऊन शिरायला लागली, तरी आमच्या घरी गिरणी बंदच होती. आई परळच्याच एका इस्पितळात आया होती, घर तिच्यावर चालायचं. तिनं अण्णांचा हा शब्द कधी दुरुस्त केला नाही. मीही नाही. काही शब्दांना हात लावायचा नसतो, हे चाळीतल्या पोरांना न शिकवता कळतं.

त्यामुळे लालबागला जाताना मनात धाकधूक होती. हे 'बंद' कुठलं असेल? तात्पुरतं, की आमच्या अण्णांच्यासारखं?

होळी होऊन गेली होती. केंद्राच्या बोळात वळले आणि शिंकांची माळच लागली. दार सताड उघडं. आत जमिनीवर गोणपाट अंथरून मिरच्यांचा ढीग, भोवती बायका फतकल मारून बसलेल्या, पदर नाकाला बांधलेले, एका बाजूला यंत्र धपधपतंय. मी उंबऱ्यातच उभी राहिले. एवढ्या जिवंत बंद गटात मी पहिल्यांदाच आले होते.

"कोण गो तू?" ढिगामागून आवाज आला. या मंदाताई, गटाच्या प्रमुख. कपाळावर मोठं कुंकू, दंडात ताकद, आणि मालवणीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत नेऊन मराठीत संपवण्याची लालबागी हातोटी.

मी कुठून आले ते सांगितलं. तुमचा गट बंद आहे अशी नोंद आहे, तेही सांगितलं. धपधप थांबली. यंत्रावरच्या बाईनं चक्क बटण बंद केलं.

"कोण बोलला बंद?"

"पावसाळ्यात सर्व्हेला माणूस आला होता ना? त्याला तुम्हीच सांगितलंत म्हणे."

मंदाताई आठवत राहिल्या आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणजे मारता मारता थांबल्या, कारण हाताला मिरची होती.

"अगो, इलेलो एक. छत्री घेऊन. त्यानं विचारल्यान, काम चालू आहे का? मी बोलली, आता बंद आसा. बंद आसा म्हटलंय मी, मेलो म्हणान खय सांगितलंय? पावसात मिरची कोण कुटता? बुरशी येतली ना!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. गिरणगावात एवढ्या सहज 'बंद आहे' म्हणणारी आणि त्याचा अर्थ खरोखर 'पुढे सुरू होईल' असा असणारी माणसं मला पहिल्यांदा भेटत होती. त्या बिचाऱ्या छत्रीवाल्याचीही काही चूक नव्हती. दाराला कुलूप, यंत्रावर ताडपत्री, आणि प्रमुख बाई स्वतःच्या तोंडानं बंद म्हणतेय. त्यानं ऐकलं ते लिहिलं. फक्त दुसरं उत्तर यायच्या आधी तो निघून गेला.

एका खेपेचं काम मग मोसमभराचं झालं. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "बरं, मग?" याचा अर्थ, बस तिथं.

बसले. पण नुसतं बसून चालत नाही. "मोकळी बसतंस कित्याक? देठ मोड," मंदाताईंनी पहिल्याच दिवशी एक सूप माझ्यापुढे सारलं. बेडगीचा देठ मोडायचा म्हणजे अंगठा आणि बोट यांत धरून हलका पीळ द्यायचा. चुकलं की बी सांडतं आणि ओरडा बसतो. थोड्या वेळात बोटं चुरचुरायला लागतात, मग हाताची आग होते, आणि घरी जाऊन ताकात हात बुडवून बसावं लागतं. असल्या हातांनी पेन धरायचं नाही, कागदाला शिवायचं नाही आणि डोळ्याला तर अजिबात हात लावायचा नाही. त्यामुळे मी लिहीत नव्हते. ऐकत होते. संध्याकाळी घरी गेले, की आठवून आठवून लिहून काढायची.

हातांना काम असलं की तोंडं मोकळी होतात, हे मी तिथं शिकले. समोरासमोर बसवून "योजनेमुळे तुमच्यात काय बदल झाला?" असं विचारलं असतं, तर "चांगला झाला" याच्यापुढे गाडी गेली नसती. इथं सगळ्यांच्या नजरा मिरचीवर. कुणी कुणाकडे बघत नाही. मग एखादी मध्येच सांगायला लागते, की नवरा गेला त्या वर्षी तिनं दार लावून घेतलं होतं आणि मंदाताई येऊन "चल, देठ मोडूक माणूस कमी आसा" एवढंच म्हणाल्या होत्या. सांगता सांगता तिचे डोळे वाहायला लागतात. ती पुसत नाही, पुसताच येत नाहीत. शेजारणीचेही वाहत असतात, माझेही. त्यातले मिरचीचे किती आणि बाकीचे किती हे कोणी विचारत नाही. त्या खोलीत रडण्याला खूप इज्जत होती.

एकदा मी तो घातक प्रश्न विचारलाच. आमच्या प्रश्नावलीत होता, टाळता येत नव्हता. या योजनेमुळे तुमची गरिबी कमी झाली असं वाटतं का?

मंदाताईंनी मान वर केली. "गरीब कोण गो?"

"म्हणजे योजना गरीब वस्तीसाठी आहे ना, म्हणून..."

"माका गरीब म्हणतस? ए सुनंदा, तू गरीब?"

"मी कशाला?" सुनंदा म्हणाली. "आमची जरा ओढाताण असते. दोन नंबरच्या चाळीत असतील गरीब."

दोन नंबरच्या चाळीतल्या दोघी समोरच बसल्या होत्या. त्यांनी सूप आपटलं. "आमच्यात कोण नाही गरीब. जरा तंगी असते, एवढंच."

मला हसू आवरेना, कारण हे मी घरी रोज ऐकलेलं. लहानपणी मी शाळेत फी-माफीच्या अर्जावर 'आम्ही गरीब आहोत' असं लिहिलं होतं, तेव्हा आईनं तो कागद फाडला. म्हणाली, "गरीब लिहायचं नाही. परिस्थिती बेताची आहे असं लिही. परिस्थिती बदलते." आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली बसून कुणी स्वतःला बिचारं म्हणायचं नाही असा अलिखित कायदा होता. तिथं बायकांच्या त्या भांडणात मला माझी आई दिसली. गरिबी कमी करायला निघालेल्या योजनेला एकही गरीब सापडू नये, याचा मला केवढा अभिमान वाटला! अहवालात ते कसं लिहायचं हा प्रश्न होता, पण तो माझा प्रश्न होता, त्यांचा नव्हता.

आणि बदल तर झाला होता, फक्त प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती. चाळीतल्या बाईला बसायला जागा नसते. पुरुषाला नाका असतो, मंडळाचं ऑफिस असतं, वाचनालयातला पेपर असतो. बाई एक तर घरात नाहीतर नळावर, गॅलरीत उभी राहिली तरी कुणी विचारतं, काय काम आहे? ही खोली म्हणजे त्यांचा नाका होता. इथं त्या अमक्याची आई नव्हत्या. वरळीवरून गाडीतून आलेली बाई "मंदाताईंचा मसाला कुठं मिळेल?" असं दारात विचारायची, तेव्हा मंदाताई मुद्दाम दोनदा विचारायला लावायच्या. ऐकू आलेलं असायचं.

एप्रिलच्या मध्याला मी एक दिवस आले नाही. दुसऱ्या दिवशी कालचीच पांढरी साडी नेसून गेले. आदल्या दिवशी बाबासाहेबांची जयंती झाली होती, आमच्या चाळीत निळ्या पताका, मांडव, अण्णा पांढऱ्या कडक सदऱ्यात सगळ्यांना पाणी वाटत होते. मंदाताईंनी मला आपादमस्तक पाहिलं आणि ओरडल्या, "पांढरी साडी नेसून मिरचीत येतस? डोक्यावर पडलंस काय?" मग स्वतःची जुनी साडी पिशवीतून काढून माझ्या कमरेला गुंडाळली. वर, "तुमी घाटावरचे. तुमका मसाल्यातला काय कळतला, नुसता तिखट करतत," हेही ऐकवलं. आमचं गाव साताऱ्याकडचं. मी म्हटलं, तुमच्या मसाल्यात तिखट कुठं असतं, रंगच असतो. त्यावरून दुपारभर घाट विरुद्ध कोकण असं रण पेटलं. त्या साडीवर एक लाल डाग पडलाच. तो अजून आहे, मी घालवायचा प्रयत्न केला नाही.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पण मी मॅडमना सगळं उत्साहानं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"छान. पण वर्षातले बाकीचे महिने खोलीला कुलूपच असतं. ते खोटं आहे का?"

"नाही."

"जागेची केवढी टंचाई आहे तिथं. पालिकेच्या ऑफिसनं विचारलं, की एवढी जागा बंद का ठेवायची, तर तू काय सांगशील? त्या चांगल्या आहेत, हे उत्तर नाही."

मला राग आला. सबंध रस्ता मी मनातल्या मनात भांडत आले. पण परळला येईपर्यंत राग उतरला, कारण प्रश्न खरा होता. आपली माणसं म्हणून त्यांच्या बाजूनं लिहायचं असतं तर इतके दिवस हात भाजून घ्यायची काय गरज होती? मी दुसऱ्या दिवशी तो प्रश्न जसाच्या तसा ढिगाशेजारी नेऊन ठेवला. खोली जाईल, अशी शक्यता आहे हेही सांगितलं.

कल्ला झाला. कुणी म्हणालं नगरसेवकाकडे जाऊ, कुणी म्हणालं ते आले तरी कुलूपच काढायचं नाही. मंदाताईंनी पुढची मिरची उचलली. पुढे दोन-तीन दिवस त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत. सूप पुढे सारायच्या, तेवढंच. मी देठ मोडत राहिले. ही खोली गेली तर यांच्या हातातून काय जाईल हे मला आता नीट माहीत होतं, कारण तसलं काही गेलेल्या माणसाच्या घरात मी वाढले होते. अण्णांचं काम गेलं त्याहून जास्त त्यांची बसायची जागा गेली होती, खात्यातली, सोबत्यांमधली.

मे महिना सरत आला तेव्हा अधिकारी आले. दोन साहेब आणि एक बाई. मॅडमही आल्या होत्या. मी आमचा अहवाल मराठीत वाचून दाखवला, बायकांच्या समोरच, कारण मॅडमचा तसा नियम होता : ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना आधी ऐकवायचं. मी सगळं वाचलं. 'बंद' हा शब्द कसा आला तेही आणि बाकीच्या महिन्यांत खोली रिकामी असते तेही. मोठे साहेब मध्येमध्ये शिंकत होते. पण माणूस सज्जन होता, उठून गेला नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी तोच प्रश्न विचारला. पावसापासून पुढे या जागेचं काय?

मंदाताई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. आणि चक्क शुद्ध मराठीत बोलायला लागल्या, जसं रेशन ऑफिसात बोलतात.

"साहेब, पावसाळ्यापासून होळीपर्यंत खोली पोरांना द्या. आमच्याकडे घरात अभ्यासाला जागा नाही, पोरं जिन्यात बसून वाचतात. खुर्च्या तुम्ही द्या, झाडलोट आम्ही करू. होळी झाली की आमची आम्हाला परत. यंत्र कोपऱ्यात राहील, ताडपत्री घालून."

मला काहीच माहीत नव्हतं. त्या दोन-तीन दिवसांच्या अबोल्यात हे शिजत होतं तर! मी मॅडमकडे बघितलं. त्या कौतुकानं मंदाताईंकडे बघत होत्या.

साहेब हसले. "आयडिया चांगली आहे. पण ताई, परत आमचा माणूस पावसात आला आणि त्यानं विचारलं, मसाला गट चालू आहे का, तर काय सांगाल? पुन्हा बंद म्हणालात तर पंचाईत."

"चालू म्हणून सांगू."

"पण काम तर दिसणार नाही त्याला."

इथं त्यांचं शुद्ध मराठी संपलं. "नाय दिसला तर नाय दिसला! गट चालू आसा. मिरची शेतात आसा."

मोठ्या साहेबांना एवढ्या मोठ्यानं हसू फुटलं, की त्यातच शिंक आली आणि दोन्ही एकदम झालं. यंत्रावरच्या बाईनं टाळी वाजवली. मॅडम माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "शेवटचं वाक्य हेच ठेव." मी ठेवलं. इतक्या वर्षांत पुष्कळ अहवाल लिहिले, काही इंग्रजीत, काही परदेशात गेले. एवढं चांगलं शेवटचं वाक्य पुन्हा मिळालं नाही. खोली राहिली. गट राहिला.

अभ्यासिका आजही आहे. जूनमध्ये खुर्च्या लागतात, पोरं येऊन बसतात, आणि भिंतींत मुरलेल्या मिरचीनं पहिले काही आठवडे शिंकत शिंकत अभ्यास करतात. गटाकडे कुणी भर पावसात चौकशी केली, तर लहानथोर सगळे तेच उत्तर देतात. मंदाताईंचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्या खुर्चीवर बसून हुकूम सोडतात. यंदा माझ्या विद्यार्थिनींना त्यांनी पाहिलं, मोबाइल पाहिला आणि म्हणाल्या, "ता पर्समधी ठेवा. देठ मोडा." पोरींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची सुपं भरायला लागले.

मिरचीचेच हात घेऊन त्या दिवशी मी परळला अण्णांकडे गेले. ते आता फार थकलेत. आई गेल्यापासून गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात, समोर काचेची बिल्डिंग. मी मोरीत हात धूत होते तेवढ्यात दारात एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, घामाघूम. कसला तरी सर्व्हे होता. मी आतूनच ऐकत राहिले. अण्णांना उत्तर देता येत असताना मी मध्ये बोललेलं त्यांना खपत नाही, आणि एकाच धंद्यातली म्हणून मला त्या पोरीत मनापासून रस होता.

नाव झालं, वय झालं, घरात कोण कोण झालं.

"आजोबा, तुम्ही काय करता? म्हणजे आधी काय करत होता?"

"गिरणी बंद आहे," अण्णा म्हणाले.

मी नळ बंद केला. आता ती काय करणार हे मला ठाऊक होतं. काहीतरी टिचकी मारणार, बेरोजगार किंवा निवृत्त किंवा लागू नाही, आणि पुढच्या दाराशी जाणार. इतकी वर्षं सगळे तेच करत आले.

पण ती गेली नाही. खांद्यावरची बॅग तिनं खाली ठेवली. उन्हातून आल्यामुळे असेल किंवा आजोबांचा चेहरा बघून असेल, पण ती सरळ उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "बरं, मग?"

हा प्रश्न अण्णांना आजवर कुणी विचारला नव्हता. ते गोंधळले. त्यांनी समोरच्या काचेच्या बिल्डिंगकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे, आणि मग मान वळवून आत, मोरीच्या दाराशी ओल्या लाल हातांनी उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"मग काय," ते म्हणाले, "पोरीचं चालू आहे. लिही."